वरच्या फळीवरचा डबा

सोमवार, ७ जुलै

भाकरी गाईला घातल्या त्या घातल्या, वर डबा साबणानं घासून रिकामा परत पाठवलात. नाही म्हणू नका. डबा पोचवतो त्या गुरुशांतनंच डोळ्यानं बघितलंय. तो इंद्रायणीला शाळेत न्यायला तुमच्या फाटकापाशी रिक्षा लावून उभा होता, आणि तुम्ही एकेक भाकरी मोडून गाईच्या तोंडात देत होता. मला सांगताना हसत होता. म्हणाला, "मावशी, गाय लई खूश हुती." मी हसले नाही.

कालचा माझा अख्खा रविवार त्या भाकरीत गेला. गरम भाकरी थापून टाकली आणि झालं, असं ते काम नसतं. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग बारीक आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी पार जाईपर्यंत बसायचं. पाठ मोडते. एवढं करून डब्यात भरल्या की आठवडाभर संध्याकाळी पिठात हात घालायला लागत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला याच्यासारखा आधार नाही. तुम्हीही नोकरी करता म्हणे, दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर. मग तुम्हाला कळायला पाहिजे होतं.

आणि रिकामा डबा आमच्यात परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तुमच्याकडं उजनीच्या पाण्याकाठी काय पद्धत आहे मला माहीत नाही.

मी अपेक्षाची आई. सोजरबाई. मे महिन्यात तुमच्या लग्नाला आले नाही ती. अजिंक्यरावांनी तुम्हाला सांगितलं असेल आजारी होते म्हणून. आजारी नव्हते. रीत मला माहीत आहे. गेलेलीच्या जागी जी येते तिला गेलेलीच्या आईनं साडी नेसवायची, लेक म्हणायचं, पंचमीला माहेरी बोलवायचं. मला ते जमायचं नाही. लेक एकच होती.

एक सांगून ठेवते म्हणजे पुन्हा भाकरी वाया जायच्या नाहीत. अपेक्षा गेल्यापासून रोज संध्याकाळी कारखाना सुटला की मी जुळे सोलापूरला येत होते. शाळेच्या गणवेशाला काजं-बटणं करते मी, सहाला सुटते. तिथनं तुमच्या घरी. पोरीला जेवू घालून, तोंड धुऊन, मग माझ्या घरी जाऊन आमच्या ह्यांच्यापुढं ताट. कधी चुकवलं नाही. तुमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या सोमवारी अजिंक्यरावांनी दारात सांगितलं, मी अजून चपला काढल्या नव्हत्या. माणूस सभ्य आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, "आई, थोडे महिने येऊ नका. तिला ऋतुजाची सवय होऊ द्या." फोनही करू नका म्हणाले, फोन झाला की ती रडते. पिशवीत मेथी होती. ती तशीच परत आणली.

म्हणून चिठ्ठी लिहायला लागली. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नका. जेवणाच्या सुट्टीत लिहिते, कागद कटिंगचा आहे, कापडाचे नमुने कापतात तो.

आज सोमवार. सोमवारी ती आमटीत भाकरीचा काला खाते. आज काय खाईल ते मला कळवा. दुसरं काही नको.

सोजरबाई


शुक्रवार, ११ जुलै

तुमची चिठ्ठी मिळाली. केळ्याचे कापही मिळाले. मीठ जास्त आहे, पण कुरकुरीत आहेत. आमच्या ह्यांनी सगळे संपवले.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावाकडं वाळलेली भाकरी जनावरांपुढं टाकतात. शिळं उरलं की उन्हात वाळवून गोठ्यात. म्हणून डबा उघडल्यावर तुम्हाला वाटलं, पहिलीच्या आईनं मुद्दाम पाठवलं, सावत्र आली म्हणून शिळे तुकडे. तुम्ही रात्री रडलात आणि सकाळी गाईला घातलंत.

मी हे ह्यांना वाचून दाखवलं. मानसिंग नाव त्यांचं, गोदामावर राखणीला असतात. ते म्हणाले, "तुला कुणी वळखत न्हाय त्यातच बरं. वळखणाऱ्याला तर खात्रीच पटली असती, तू मुद्दाम धाडल्यास म्हून." मला अपमान करायचा असता तर तोंडावर केला असता, शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून भाकरी भाजून नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

आता पोरीचं. तुम्ही लिहिता की ती जेवत नाही. पनीर केलं, नूडल केले, टीव्हीत बघून कसले कसले कटलेट केले. दोन-दोन तास ओट्यापाशी उभ्या राहता, आणि ती ताटाकडं बघून म्हणते, हे मंगळवारचं नाही. मग तशीच झोपते. अजिंक्यराव म्हणतात हट्ट आहे, मोडेल. तुम्ही मला विचारलंत मंगळवारचं म्हणजे काय. बरं केलंत विचारलंत.

तिला वार जेवणावरनं कळतात. अपेक्षानं लावून दिलंय तसं. अपेक्षा कुरिअरच्या हापिसात होती, येता येता सात वाजायचे. दमून आल्यावर आज काय करू हा विचार करायची ताकद नसते, असं म्हणायची. म्हणून वार बांधून टाकले. सोमवारी आमटी, मंगळवारी पिठलं, बुधवारी खिचडी, मग गुरुवारी परत आमटी पण मुगाची. शुक्रवारी काय असेल ते, अंडी बिंडी. मी तिला नावं ठेवायचे, की ही काय खानावळ आहे का. पण घर चालायचं.

सकाळी निघताना डाळ भिजत टाकायची. संध्याकाळी आल्यावर पर्स खांद्याला असतानाच कुकर गॅसवर. खाली डाळ, वर भात, आणि त्याच्यावर एका वाटीत बटाटा. बसायचं नाही. बसलं की उठवत नाही. हात-पाय धुऊन येईपर्यंत शिट्ट्या होतात. लसूण रविवारी सोलून ठेवलेला असतो, फोडणीत ठेचून टाकायचा, काळं तिखट घालायचं, आमटी पातळ ठेवायची. तिची वाटी तिखटाच्या आधी बाजूला.

आणि मधल्या वेळात पोरीच्या हातात काम द्यायचं. भाकरी फोडायचं काम तिचं आहे. खाली फडकं पसरून तिच्यापुढं कडक भाकरी ठेवायची, ती दोन्ही मुठींनी फोडते. कडाकडा आवाज येतो. त्या आवाजात आपली फोडणी होऊन जाते आणि ती पायात येत नाही. हे अपेक्षानं काढलेलं. मग वाडग्यात तुकडे, वर गरम आमटी, झाकण. जरा थांबायचं. पार मऊ झाली की तिला आवडत नाही, मधेच कुठंतरी कुरकुर लागली पाहिजे. मी जायचे तेव्हा दारातनं ओरडायची, "आज्जी, काय करलालीस? लवकर भाकरी दे की."

हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढं सोपं? सोपंच आहे. बाई कामावरनं आल्यावर अवघड करून कुणाला दाखवायचंय?

या रविवारी मात्र भाकरी पाठवणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही. पुढच्या रविवारचं बघू. सोमवारी आमटी करा, सोबतीचं तुमचं तुम्ही बघा.

आणखी एक. ओट्याच्या वर जी फळी आहे तिथं जुने डबे आहेत. ते राहू द्यात. पुसायच्या फंदात पडू नका.

सोजरबाई


बुधवार, १६ जुलै

तुमची चिठ्ठी काल आली. कारखान्यात वाचली.

सोमवारी आमटी केलीत. तिनं पोटभर खाल्लं, दोनदा मागून घेतलं आणि तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा. हे वाचलं. बरं झालं. खोटं नाही लिहीत, पोरीच्या पोटात गेलं हे वाचून मला बरं वाटलं.

पुढं तुम्ही लिहिलंय, भाकरी नव्हत्या म्हणून अडलं होतं. तुम्ही गरम भाकरी टाकायला पीठ काढलंत, तेवढ्यात तिनंच वर बोट केलं. वर भाकरी हाय म्हणाली. तुम्ही स्टूल घेऊन चढलात, फळीवरच्या डब्यात दोन कडक भाकरी निघाल्या. तुम्हाला आनंद झाला. तुम्ही लिहिलंय, मावशी, तुम्ही आधीच्या ठेवून गेला होता वाटतं, देवासारख्या सापडल्या.

ते वाचलं आणि मला काजं दिसेनात. मुकादम बाईंनी पाणी दिलं.

त्या माझ्या नव्हत्या. अपेक्षाच्या होत्या.

मागच्या पंचमीला ती माझ्याकडंच होती. झोक्यावर उभी राहिली होती, दोर कमी पडतो म्हणून भांडली होती. परत गेली आणि ताप आला. डेंग्यू होता हे नंतर कळलं. अंगात ताप असताना रविवारी तिनं आठवड्याच्या भाकरी भाजल्या. मला सांगितलंच नाही, मी ओरडले असते. मंगळवारी तिला दवाखान्यात नेलं. त्या आठवड्यात अजिंक्यराव आणि पोरगी त्याच भाकरी खाऊन राहिले, दुसरं कोण करणार होतं? शनिवारी ती गेली. सगळं झाल्यावर मी त्या घरात ओटा आवरायला गेले तेव्हा डब्यात दोन उरल्या होत्या.

त्या मी कुणाला हात लावू दिल्या नाहीत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जाऊन गॅलरीत उन्हाला धरायच्या, फडक्यानं पुसायच्या, परत ठेवायच्या. एकीवर तिच्या बोटांचे ठसे होते. थापताना कडेला चार बोटं उमटायची तिची, मी कितीदा सांगितलं की कडा सारखी कर. माझ्या घरी नेल्या नाहीत. त्या पोरीच्या आईच्या होत्या, पोरीच्या घरात राहाव्यात असं मला वाटलं. इंद्रायणीला ठाऊक होतं. उन्हाला ठेवल्या की शेजारी येऊन बसायची, कावळे हाकलायची.

मे महिन्यापासनं त्यांना ऊन लागलं नव्हतं. पाऊसकाळ आला, मला झोप नव्हती. कीड लागली असेल, बुरशी आली असेल. कुणाला सांगू? तुम्हाला सांगावं असं वाटलं नाही. तुम्ही भाकरी गाईला घालणाऱ्या.

तुमची यात चूक नाही. डबा राहू द्या एवढंच मी लिहिलं, का ते लिहिलं नाही. पोरीनं बोट केलं, तुम्ही काढून दिल्या. भुकेल्या लेकराला समोरची भाकरी कोण नाही देणार. मी इथं बसून हे सगळं स्वतःला सांगते आणि परत मशीनपाशी गेले की काज भलत्याच जागी पडतं.

ह्यांना सांगितलं. ते उठून बाहेर गेले, लई वेळ आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "चवीला बरी राहिली असंल का गं?" 

तुम्हाला एकच विचारते. भाकरी फोडताना ती काय म्हणाली? जे म्हणाली असेल ते सगळं लिहा. काही म्हणाली नसेल तर तसं लिहा. गोड करून लिहू नका, मला कळतं.

सोजरबाई


सोमवार, २१ जुलै

ऋतुजा,

तुझी चिठ्ठी शुक्रवारीच आली होती. तीन दिवस उशाखाली ठेवली. अहो-जाहो करायचा आता कंटाळा आला, तू माझ्या लेकीएवढी आहेस.

तू लिहिलंस की ती फडक्यावर बसली, भाकरी दोन्ही हातांत धरली, पण फोडेना. नुसती बघत बसली. तू विचारलंस, काय झालं. ती म्हणाली, "ही आईची हाय." तुला वाटलं आजीला आई म्हणते. तू म्हणालीस, नको असेल तर ठेवू परत. ती म्हणाली, "नको. मला लई भूक लागलीय." आणि मूठ मारली.

मग काला झाला. तिनं खाल्ला. एक तुकडा बाजूला काढून तुझ्या ताटात ठेवला. "तू पण खा की." आणि तू खाल्लास. तू लिहिलंस, मावशी मला माहीत असतं तर मी गिळला नसता.

कशाला नाही? तिनं दिला, तू खाल्लास. टाकला असतास तर मी तुला जन्मात विचारलं नसतं.

पण तीन दिवस मला काय वाटत होतं तेही लिहिते, मला आत एक बाहेर एक जमत नाही. अकरा महिने मी त्या भाकरी जपल्या, आणि कधी कणीएवढीसुद्धा मोडून तोंडात टाकली नाही. वास घ्यायची नुसता. माझ्या लेकीच्या हातचा शेवटचा घास तुला मिळाला. मला नाही. तुझा राग राग केला. शनिवारी कारखान्यात एका पोरीच्या अंगावर उगाच ओरडले, ती बिचारी धागे कापत होती.

मग काल रविवारी भाकरी भाजायला बसले. पहिलीच थापली आणि बघते तर कडेला माझी चार बोटं. आयुष्यभर मी तिला कडा सारखी कर, कडा सारखी कर म्हणून बोलले, आणि माझ्याही तशाच उमटतात. कधी बघितलंच नव्हतं. तव्यावर टाकायचं सुचेना. हे आले, त्यांनी टाकली, करपवली.

तू लिहिलंस की माझी चिठ्ठी तू अजिंक्यरावांना दाखवलीस. त्यांनी स्टूलवर चढून डबा खाली काढला, तळाला चुरा होता तो बघत बसले. तू घासायला घेत होतीस तर घासू दिला नाही. मला वाटायचं त्या माणसाला काही होत नाही. ऑफिस, घर, दुसरं लग्न. त्यांना सांग, मी मेथीचा राग धरला होता, तो सोडला. सगळा नाही. पण मेथीचा सोडला.

आणि तू विचारलंस, इंद्रायणी अधनंमधनं मला आई म्हणते, तुम्हाला चालत नसेल तर मी तिला मावशी म्हणायला शिकवते.

याचंच उत्तर मला लिहवत नव्हतं. पेन उचलून चार वेळा ठेवला. सहा वर्षांची आहे ती. अपेक्षाचा आवाज आता तिला आठवत नसणार. मी रोज जायचे तेव्हा विचारायचे, आई कशी हसायची गं, तर आधी हसून दाखवायची. मग मग नुसती माझ्याकडं बघायला लागली. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. वार तेवढे तिला पाठ राहिले. त्या आमटीत मी अपेक्षाच्या प्रमाणानं लसूण घालायचे, माझ्या नाही, एवढ्यासाठी की काहीतरी तिच्या आईचं तिच्या पोटात जावं. ते आता तू करतेस.

म्हणू दे तिला आई. लेकरू कुणाला तरी आई म्हणणारच. शिकवूबिकवू नकोस काही. फक्त मी असेन तेव्हा म्हणाली तर माझ्या तोंडाकडं बघत बसू नकोस. मी चुलीकडं बघेन, तू तुझं काम करत राहा.

आता कामाचं. पुढच्या मंगळवारी पंचमी आहे. मी सुट्टी टाकलीय. ह्यांनी मे महिन्यातच एक साडी आणून ठेवली होती, हिरवी इरकल, मैंदर्गीच्या बाजारातली. मला न सांगता ट्रंकेत लपवली. परवा काढून माझ्यापुढं ठेवली. माझं माहेर मैंदर्गी, इरकल मला कळते. काठ चांगला आहे. पंचमीला लेक माहेरी येते, झोका खेळते, आई तिला साडी नेसवते. झोक्याचा दोर तोच आहे. कमी पडतो अजून.

तू येशील का? पोरीला घेऊन. रविवारीच या, दोन रात्री राहा. भाकरी दाबायला कशी बसायची ते दाखवते, म्हणजे पुढच्या पंचमीपर्यंत मी असले-नसले तरी तुझ्या घरात सोमवार होईल. पोरीला पिठाचा गोळा देऊ, ती तिची थापेल. पहिल्या दिवशी मी तुला नीट बोलेन की नाही सांगता येत नाही. साडी नेसवताना हात थांबला तर थांबेल. तुला अपेक्षा म्हणून हाक गेली तर ओ दे, नाहीतर देऊ नकोस. एवढं चालणार असेल तर ये.

अजिंक्यरावांना विचारून ये. पण ते नाही म्हणाले म्हणून येत नाहीस असं लिहू नकोस. ते त्यांचं झालं. मला तुझं पाहिजे.

या चिठ्ठीबरोबर कालच्या भाकरी पाठवल्यात. वरची करपलेली ह्यांची आहे, ती गाईला दिलीस तरी चालेल.

शनिवारी सकाळी गुरुशांत शाळेच्या फेरीला येईल तेव्हा डबा त्याच्याकडं दे. यायचं असेल तर आत काहीही घाल, तुझे ते खारट काप घाल, साखर घाल. यायचं नसेल तर घासून रिकामा पाठव. मी कुणाला विचारणार नाही, तुलाही नाही. पण शनिवारच्या पुढं नेऊ नकोस. चौघांसाठी जोंधळा दळायचा का दोघांसाठी, ते मला गिरणी बंद व्हायच्या आत कळलं पाहिजे.

सोजर